आणा, धरते जरा

१

आमचे सर सुटीत स्वस्थ बसत नाहीत. सर म्हणजे माझे मिस्टर, सिद्धोधन. परभणीत एका शाळेत विज्ञान शिकवतात. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, आणि मी चिडले की मीही सर म्हणते. लग्नाला आठ वर्षं झाली, आता मी त्यांना दुसरं काही म्हणतच नाही.

मी एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. दिवाळीत चार दिवसांची रजा मिळाली, तीही सलग पंधरा नाइट केल्यावर. माझ्या डोक्यातली सुटी अगदी साधी होती. येलदरीच्या अलीकडं सासूबाईंचं गाव आहे, तिथं जायचं, ओसरीत चटई टाकायची आणि पडायचं. भूक लागली की उठायचं, खायचं, परत पडायचं. सरांच्या डोक्यातली सुटी म्हणजे डोंगर.

परभणीच्या माणसाला डोंगराचं काय अप्रूप असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं नजर जाईल तिथवर काळं रान, सपाट. गल्लीतला गतिरोधक हाच आम्हाला घाट. त्यामुळं गावामागचा तो डोंगर दिसला की सरांच्या अंगात वारं शिरतं. डोंगर फार उंच नाही, पण उभा आहे. चढताना नाक गुडघ्याला लागतं. माथ्यावरून धरणाचं पाणी दिसतं, एवढंच त्याचं कौतुक.

"उद्या सकाळी आमूला घेऊन जायचं," सर म्हणाले. आमू म्हणजे आमची आम्रपाली, पाच वर्षांची.

सासूबाई, चांगुणाबाई, चुलीपुढून बोलल्या, "एवढुसं लेकरू कामून न्हेतूस रं? लय चढ हाय त्यो."

"सवय लागू दे की तिला, आई."

"सवय तिला लागंल अन् पाठ रेणुकाची मोडंल."

सासूबाईंचं मला हेच आवडतं. बाजू माझी घेतात. पण पहाटे उठून दशम्या त्यांनीच बांधून दिल्या.

२

आठला निघालो. सर पुढं. त्यांच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायचं काहीतरी आहे, ते बघत बघत ते पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले. "हळूहळू या, मी वर थांबतो," एवढं मात्र मोठ्या मनानं म्हणाले.

आमू सुरुवातीला छान चालली. गारगोट्या वेचल्या, त्या माझ्या पर्समध्ये भरल्या, एका सरड्याशी बोलली. मग वाट उभी झाली. मुरूम पायाखालून घसरायला लागला. आमूनं लाल स्वेटरची बाही नाकाला पुसली आणि म्हणाली, "मम्मी, पाय दुखायलेत."

"थोडंच राहिलंय."

"किती थोडं?"

"आलंच."

दहा पावलांवर, "मम्मी, उचल."

सतरा किलो. दवाखान्याच्या काट्यावर मागच्याच महिन्यात बघितलं होतं. कडेवर घेतली की ती एक मूठ माझ्या वेणीत घालते आणि अशी आवळते की मान मागं ओढली जाते. किती वेळा सांगितलं, केस सोड गं बाई. सोडत नाही. डाव्या कडेवरून उजव्या, उजव्या कडेवरून पाठीवर, असं करत मी चढत होते. धाप लागली होती, तोंड कोरडं पडलं होतं, आणि डोळ्यांत पंधरा रात्रींची वाळू.

वरून सरपणाच्या मोळ्या घेऊन दोन बाया उतरत आल्या. मी विचारलं, "किती राहिलं हो?"

"हे काय, आलंच की," दोघी एकदम म्हणाल्या.

डोंगरावर हा रिवाजच आहे. खाली उतरणाऱ्यानं वर जाणाऱ्याला खरं अंतर सांगायचं नाही. पाय गळालेल्या माणसाला खरं सांगून काय मिळवायचं?

त्यांच्या मागून थोड्या वेळानं आणखी एक बाई उतरत आली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. विटकं हिरवं लुगडं, पायात काही नाही. कडेवर एक लेकरू झोपलेलं, चेहरा तिच्या खांद्यात खुपसलेला. लेकराच्या अंगात टोपीचं जाकीट होतं, शहरातल्या पोरांचं असतं तसं, आणि पायात लाइट लागणारे बूट. नात असेल, पुण्याहून सुटीला आलेली, असं मी मनात म्हटलं.

"आलंच," मी न विचारताच ती म्हणाली, आणि माझ्याकडं नव्हे, आमूकडं बघून हसली. ती पुढं गेल्यावर मी सहज मागं वळून पाहिलं. ते बूट लुकलुकत होते. टाच जमिनीवर आपटली की तो लाइट लागतो. हे पाय तर हवेत लोंबत होते, आणि बूट मात्र एकाआड एक, एकाआड एक लागत होते, चालल्यासारखे.

हिसक्यानंही लागतात. आमूच्या जुन्या बुटाचे तर कपाटात ठेवल्यावरही लागायचे. मी आमूला पाठीवर वर सरकवलं आणि चालायला लागले.

३

पुढं एक मोठा काळा दगड आहे, वाटेवर कलंडलेला. त्याच्या सावलीत मी टेकले. आमूला खाली उतरवलं तर तिनं भोकाड पसरलं. तहान लागली म्हणाली, पाणी दिलं तर नको म्हणाली, दशमी दिली तर फेकली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मलाच रडू आलं.

खोटं कशाला सांगू. त्या क्षणी मला आमू नको झाली होती. कायमची नव्हे. कुणीतरी तासभर घ्यावी हिला, एवढंच. आईला असं वाटू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी पंधरा नाइट कराव्यात आणि मग डोंगर चढावा.

तेवढ्यात वरून मुरमावर पाय घसरल्याचा आवाज आला. तीच बाई उतरत होती. तेच हिरवं लुगडं. वरून, माथ्याच्या बाजूनं. आता कडेवर लेकरू नव्हतं.

मी जरा चमकले. तिला खाली जाताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वर चढताना ती मला ओलांडून गेली नव्हती. पण डोंगराला काय एकच वाट असते? गुराख्यांच्या वाटा दहा असतात. लेकरू खाली कुणाकडं देऊन ती आडवाटेनं परत चढली असेल. गावाकडच्या बायांच्या पायात दम असतो.

ती थांबली. "लय रडायलंय की लेकरू," म्हणाली.

"दमलीय."

"ती न्हाई, तुमी दमलाव." तिनं दोन्ही हात पुढं केले. "आणा हिकडं, धरते जरा."

आता परक्या माणसाला वाटेल, मी दिलीच कशी? आमच्याकडं विचारावं लागत नाही. एसटीत उभ्या असलेल्या बाईच्या कडेचं लेकरू बसलेल्या बाईनं मांडीवर घ्यायचं, हा कायदाच आहे. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. गंगाखेडच्या गाडीत मीच कितीतरी लेकरं पिंगळीपर्यंत मांडीवर वागवलीत. त्यांच्या आयांनी माझ्याकडं वळूनही पाहिलेलं नाही.

मी आमूला दिली. आमूनं वेणीतली मूठ सोडली नाही, मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. त्या बाईच्या कडेवर गेल्यावर मात्र ती हुंदके देत गप्प झाली. बाई तिला थोपटत त्या दगडाच्या कडेनं फेऱ्या मारू लागली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. गाणं नव्हतं, नुसतं बोलणं होतं, शेजारीण शेजारणीशी बोलते तसं.

मी दगडाला पाठ टेकली. वाळलेलं गवत सळसळत होतं. तिच्या पायाखालचा मुरूम वाजत होता, इकडून तिकडं, तिकडून इकडं. माझे हात इतके हलके झाले की ते आपोआप वर उचलले जातील असं वाटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं.

मुरूम वाजायचा कधी थांबला ते कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ती माझ्यापुढं उभी होती. आमू तिच्या खांद्यावर निजलेली.

"घ्या," ती म्हणाली. "आता न्हाई तरास द्यायची."

मी आमूला घेतलं. बाई उतरून गेली. मी मोबाइल पाहिला. टेकले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. आता दहा वाजत आले होते.

४

आमू लगेच जागी झाली, खाली उतरली आणि चालायला लागली. रडली नाही, "किती राहिलं" विचारलं नाही. माझ्यापुढं दोन पावलं, एका चालीनं. घसरणीवर मी हात टेकत होते, ती तशीच सरळ चढत होती. झोपेनं ताजी झाली, मी मनात म्हटलं. लेकरांचं असंच असतं.

माथ्यावर सर झाडाखाली बसून दशमी खात होते. "एवढा वेळ?" म्हणाले.

"मग काळजी नाही वाटली? हाका तरी मारायच्या."

"मारल्या की. तीनदा मारल्या. तू दरवेळी 'आलेच' म्हणालीस."

झोपेत माणूस काहीही बोलतं. दवाखान्यात मी झोपेत सलाइन बदलल्याचं सिस्टर सांगतात.

"सगळी वाट उचलून आणलीस तिला?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. वर्षातून दोनदा मिळतं तसलं.

"हो," मी म्हणाले.

हे मी का बोलले? कौतुक हवं होतं म्हणून. दुसरं काही नाही. आणि एकदा 'हो' म्हटल्यावर त्या बाईचं सांगायची सोयच राहिली नाही.

धरणाचं पाणी दूरवर उन्हात पसरलं होतं. सरांनी आमूला खांद्यावर घेऊन दाखवलं, ते बघ, ते पाणी, तिथं वीज तयार होते. आमू त्यांच्या खांद्यावर ताठ बसली होती. हात मांडीवर ठेवलेले. सर एकदम वळले तेव्हा मी धसकून हात पुढं केले, कारण तिनं त्यांचं डोकं धरलेलं नव्हतं. पण ती पडली नाही. हललीसुद्धा नाही.

"आज हलकी लागायलीय पोरगी," सर म्हणाले आणि हसले. "मी फिट झालोय म्हणजे."

५

परभणीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टची जागा सोडलेली आहे, तिच्यात मालकाचा जुना कूलर आहे. शाळेची बस सोडून गेली की आमूला वर आणणं हे माझं रोजचं मरण होतं. पहिल्या मजल्यावर दप्तर माझ्याकडं, दुसऱ्यावर बाई बसकण मारणार, तिथून वर मी उचलून.

सुटी संपल्यावर पहिल्याच दिवशी ती दप्तर पाठीला लावून सरळ चढून गेली. मी मागून भाजीची पिशवी घेऊन. दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरून थांबले. जिन्यात एका माणसाची धाप ऐकू येत होती. माझी.

आमू वरच्या पायरीवर उभी राहून वाट बघत होती. तोंड मिटलेलं. छाती हलत नव्हती असं मी म्हणणार नाही. हलत असणारच. पण तीन मजले चढून आलेल्या लेकराची हलते तशी हलत नव्हती.

शेजारच्या सुलाबाई दारात होत्या. "रेणुका, पोरगी लय गुणाची झाली गं," म्हणाल्या. "जिन्यात रडायचा आवाज न्हाई आता."

खरंच गुणाची झाली होती. जेवताना भरवावं लागत नव्हतं. वेणी घालताना ओरडत नव्हती. दुपारी झोप म्हटलं की झोपायची. मी ज्या ज्या गोष्टींना कंटाळले होते त्या सगळ्या एका दिवसात बंद झाल्या होत्या. मी सुखी व्हायला हवं होतं. चार दिवस झालेही. दुपारची गाढ झोपले, सरांशी गोड बोलले.

पाचव्या दिवशी ती झोपलेली असताना मी तिला पलंगाच्या कडेवरून आत सरकवायला उचललं. आणि तशीच उभी राहिले. खोलीत पंखा चालू होता, खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती. आमू माझ्या कडेवर होती आणि माझ्या कमरेला, खांद्याला, मनगटाला काहीच कळत नव्हतं. वाळलेलं धुणं हातावर घ्यावं तसं. तिचे हात खाली लोंबत होते. मी तिचा हात उचलून माझ्या मानेमागं ठेवला. तो घसरून खाली आला. परत ठेवला. परत आला.

तेव्हा मी पाहिलं की ती जागी होती. डोळे उघडे होते. माझ्याकडं शांतपणे बघत होती, मी आणखी काय करते ते बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं आणि काट्यावर उभं केलं. सतरा किलो दोनशे ग्रॅम. नाडी बघितली, नव्वद. ताप नाही. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, गुलाबी. मी तिला काट्यावरून उचललं. काही नाही. परत ठेवलं. सतरा किलो दोनशे.

काटा खोटं बोलत नाही. म्हणजे माझे हात खोटं बोलत असणार. नाइट करून करून हाताच्या नसा गेल्या असतील, असंही होतं. मी दोन दिवस बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या. पाण्याची बादली उचलली की बरोबर बादलीएवढं वजन लागत होतं.

६

आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नाही. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. सासरे भगवानराव हयात होते तोवर गावात कुणी अंगारा-धुपारा करताना दिसलं की वाटेत अडवून समजावायचे. मलाही तेच पटतं. आजही पटतं. त्यामुळं मला जे वाटत होतं ते कुणाला सांगायचं झालं तर त्याला शब्दच नव्हते. ज्या घरात शब्द असतात तिथल्या बाया निदान लिंबू तरी उतरवून टाकतात.

एका संध्याकाळी मी सरांना म्हणाले, "आमू पूर्वीसारखी नाही."

"पूर्वीसारखी नको म्हणून तूच रडत होतीस ना? डोंगरानं सवय लागली. मी म्हणालो नव्हतो?"

"एका डोंगरानं?"

"मुलं झटक्यात मोठी होतात, रेणुका."

मी बराच वेळ वाटाणे सोलत बसले. मग म्हणाले, "वाटेत एका बाईनं धरलं होतं तिला. मी टेकले तेव्हा."

सरांनी वह्यांमधून मान वर केली. "तू तर म्हणालीस सगळी वाट तूच आणलीस."

"जरा वेळ धरलं होतं."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मग काय झालं?" ते परत वह्या तपासायला लागले. चाळीस-पन्नास मिनिटं हे शब्द माझ्या तोंडातून निघालेच नाहीत. माझं पोर चाळीस-पन्नास मिनिटं कुठं होतं, हे मला माहीत नाही, असं कोणती आई म्हणेल?

सासूबाईंना फोन केला. हिरव्या लुगड्यातली बाई, अनवाणी, अशी अशी. कोण असेल?

"असंल कोणतरी. लय बाया जातेत सरपणाला." मग त्यांनीच विचारलं, "कामून गं? काय घेतलं का तिनं?"

"नाही. आमूला धरलं होतं जरा."

"मग बिघडलं काय त्यात? माणसानं माणसाचं लेकरू धरायचंच असतंय, बाई."

फोन ठेवला तेव्हा आमू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. मी म्हणाले, "ये, उचलून घेते." पाच वर्षांत पहिल्यांदा मी आपण होऊन म्हणत होते.

"नको," ती म्हणाली. "तू बस."

७

पुढच्या रविवारी ड्यूटी आहे असं सांगून मी घरातून निघाले. आमूला सरांजवळ ठेवलं. जिंतूरची एसटी, तिथून जीप. सासूबाईंच्या घरावरून न जाता मागच्या रानातून डोंगराच्या पायथ्याशी आले. साडेनऊ वाजले होते. उघडं, लख्ख ऊन.

रिकाम्या हातानं तो चढ काहीच नव्हता. त्याचंच वाईट वाटत होतं. कमरेवर ओझं नाही, वेणीला हिसका नाही, कानाशी भुणभुण नाही. मी रडत रडत चढले. वाटेत कुणी भेटलं नाही.

काळ्या दगडापाशी बसले. स्वतःला समजावत होते. बाई आली तर काय विचारणार? आणि विचारण्यासारखं आहे काय? माझी मुलगी माझ्या घरी आहे, तिचा लाल स्वेटर मी स्वतः धुऊन कपाटात ठेवलाय. जरा बसायचं, सावलीत दम खायचा आणि दुपारच्या गाडीनं घरी जायचं. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते, असं वाटतं.

मुरूम वाजला.

ती वरून उतरत होती. कडेवर लेकरू होतं, तोंड तिच्या मानेत. लेकराच्या अंगात लाल स्वेटर होता. असले स्वेटर बाजारात ढिगानं मिळतात. मी उठून वाटेत उभी राहिले.

"एकट्याच?" बाईनं ओळखीचं हसून विचारलं. "लेकरू कुटं ठिवलं?"

"घरी आहे."

"बरं केलं. लय चढ हाय."

"हे कुणाचं?"

"माझंच की," ती म्हणाली, इतकं सहज की मला तिचा राग येईना.

"आमू," मी हाक मारली.

लेकरानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. एवढंच. नाकाखाली सर्दी वाळलेली होती. जी घरी आहे तिला डोंगरावरून आल्यापासून सर्दी झालेली नाही.

मला ओरडता आलं असतं. ओढून घेता आलं असतं. पण कशाच्या जोरावर? आमूला मीच तर दिलं होतं, बोटं एकेक करून उघडून. मला एकच गोष्ट सुचली, जी कुठल्याही बाईला सुचते आणि जिला कुठलीही बाई नाही म्हणत नाही. मी दोन्ही हात पुढं केले.

"आणा," मी म्हणाले. "धरते जरा."

"घ्या की," बाई म्हणाली, आणि तिनं खरंच लेकरू पुढं केलं. जराही आढेवेढे न घेता.

माझे हात तिच्या काखेत गेले. सतरा किलो. अख्खे सतरा किलो माझ्या हातात आले, आणि त्याच क्षणी ती ताठ झाली, मागं वाकली आणि किंचाळली. पायांनी त्या बाईच्या कमरेला विळखा घातला, मुठीत तिचा पदर आवळला. मला लाथ मारली. "नको, नको, आई, ही नको," असं रडत ती तिच्या मानेत परत शिरली. मला ती मम्मी म्हणायची. आई हा शब्द तिनं माझ्यासाठी कधीच वापरला नव्हता.

बाई ओशाळली. "वाईट वाटून घिऊ नगा, बाई," ती म्हणाली. "नवं माणूस दिसलं की लय भेतंय. माझ्याबिगर कुणाकडं जात न्हाई."

ती माझ्या अंगावरून वाट काढून खाली उतरू लागली. मला मागं जाता आलं नाही. पाय होते, वाट होती, तरी जाता आलं नाही. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत आमूचं रडणं ऐकू येत होतं. मग बाई तिला काहीतरी बोलली असावी, कारण रडणं थांबलं. जरा वेळ नुसता मुरूम वाजला.

मग आमू हसली. कुणीतरी पोटाला गुदगुल्या केल्यावर हसते तशी, खळखळून, दम लागेपर्यंत.